मधली खाच

मोटरसायकल बनवणाऱ्यांनी माणसाच्या चार अवयवांना चार कामं वाटून दिली आहेत. डाव्या हाताकडे क्लच, उजव्याकडे ॲक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक, एका पायाकडे गिअर, दुसऱ्याकडे मागचा ब्रेक. या वाटणीची इतकी सवय होते की चालवणाऱ्याला ती आठवतही नाही. दिवसातून पन्नास वेळा न्यूट्रल करणाऱ्या माणसाला विचारा, ‘न्यूट्रल नेमकं करतोस कसं?’ तो बोलायच्या आधी पायाकडे बघतो. उत्तर पायाला माहीत असतं.

माझे पाय या वाटणीत नाहीत. पोलिओने दोन्ही पाय लहानपणीच अधू केले. कॅलिपर चढवून आणि कुबड्या घेऊन मी चालतो, जिने चढतो, रांगेत उभा राहतो. पण पावलाने पेडल उचलणं किंवा दाबणं होत नाही. त्यामुळे माझ्या तीनचाकी बुलेटवर ही चारही कामं दोन हातांत आली आहेत. डाव्या हातात क्लच. उजव्या हातात ॲक्सिलरेटर आणि तिन्ही चाकांचा ब्रेक. गिअरचा दांडा उजव्या मांडीशेजारी, म्हणजे तोही उजव्याच हाताकडे. हिशेब केला तर एका हाताला तीन कामं आणि एकाला एक. बरं, डाव्या हाताने थोडी मदत करावी म्हटलं, तर तो क्लच सोडू शकत नाही. सोडला की गाडी पुढे उडी मारते किंवा बंद पडते.

सिग्नलला न्यूट्रल पडलं, तर मात्र हा सगळा ताण एका क्षणात उतरतो. डावा हात मोकळा होतो. कपाळावरचा घाम पुसता येतो, शर्टाच्या खिशातला चष्मा काढता येतो, मागे बसलेल्या मुलीच्या हातातलं दप्तर सावरता येतं. जुन्या बुलेटचा क्लच किती जड असतो हे ज्याने तो दाबून धरून लाल दिव्याचे आकडे मोजले आहेत त्यालाच ठाऊक. न्यूट्रल हा माझा तिसरा हात आहे. धडधाकट माणसाला न्यूट्रल नीट पडलं नाही तर तो वैतागतो. मला नाही पडलं तर मी अडकतो.

‘मग ॲक्टिव्हा घ्या की, साइड व्हील लावून मिळते,’ असं सांगणारे रोज भेटतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. १९८०च्या दशकात कायनेटिक होंडा आली. बटणाने सुरू होणारी, गिअर नसलेली, क्लच नसलेली. आमच्यासारख्यांसाठी ती गाडी म्हणजे काय होतं हे तिची जाहिरात करणाऱ्यांनाही कळलं नसेल. तिच्या मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना छोटी चाकं बसवून घेतलेली आमची एक अख्खी पिढी नोकरीला लागली, बाजारहाट करू लागली, लग्नाला मुलगी बघायला गेली. मीही बरीच वर्षं तीच चालवली. आजही कुणी सल्ला मागायला आला तर मी त्याला गिअर नसलेल्या स्कूटरचंच नाव सांगतो.

मला स्वतःला बुलेट हवी होती, कारण ती वडिलांची होती आणि मला तिच्या टाकीवर बसवून त्यांनी सगळं कोल्हापूर दाखवलं होतं. त्यांच्यानंतर ती विकायची की अंगणात सडवायची असा प्रश्न होता. तिसरा पर्याय शिवाजी उद्यमनगरात निघाला.

उद्यमनगराबद्दल बाहेरगावच्या माणसाला सांगावं लागतं. गल्लीच्या एका टोकाला ओतकाम, दुसऱ्या टोकाला लेथ, मधे वेल्डिंग, ग्राइंडिंग, गिअर कापणारे, आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या कामातलं निम्मं कळतं. शिवाय कोल्हापूर हे नसीमा हुरजूक यांचं गाव. ‘चाकाची खुर्ची’ लिहिणाऱ्या नसीमादीदींची ‘हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड’ ही संस्था १९८४ सालापासून इथे आहे. कुबड्या घेऊन आलेलं गिऱ्हाईक बघून इथला कारागीर गोंधळत नाही. तो आधी तुमचा हात कुठवर पोचतो ते बघतो.

मागचं चाक काढून तिथे दोन चाकांचा आस बसवला. बुलेटची साखळी डाव्या अंगाला असते, म्हणून जोर डाव्या चाकाला दिला आणि उजवं मोकळं ठेवलं. सायकलरिक्षातही एकाच मागच्या चाकाला जोर असतो. डिफरन्शियल नको, वजन नको, भानगड नको. एवढंच की ॲक्सिलरेटर जोरात दिला की गाडी किंचित उजवीकडे ओढते आणि हँडल धरून ठेवावं लागतं. किकला लांब दांडा जोडला. डीकॉम्प्रेसर ओढून ॲमीटरचा काटा मध्यावर आणायचा आणि दांडा एका दमात मागे रेटायचा. खांद्यात बळ असलं की बुलेट हातानेही सुरू होते, आणि कुबड्यांवर आयुष्य काढलेल्या माणसाला खांद्याचं बळ कुणी शिकवावं लागत नाही. परवानगी, तपासणी, पुस्तकात नोंद हे सगळं यथासांग झालं. त्यावर एक वेगळा लेख होईल, आणि तो कुणी वाचणार नाही.

गाडी झाली. धावली. आणि थांबेना. म्हणजे थांबायची, पण न्यूट्रल पडेना.

पहिल्या गिअरमधून दांडा हलकेच ढकलला तर काहीच होत नसे. जरा जोर दिला की थेट दुसरा. दुसऱ्यातून मागे आणला की थेट पहिला. मिस्त्री स्वतः बसून बघायचे आणि म्हणायचे, ‘मधे थांबायलाच तयार न्हाई ओ ही.’

हे का होतं ते समजून घ्यायला गिअरबॉक्सचं झाकण एकदा उघडलेलं बघावं लागतं. गिअर टाकणं म्हणजे दातेरी चाकं एकमेकांत घुसवणं, असं आपल्याला वाटतं. तसं ते नसतं. चाकांच्या जोड्या बहुतेक वेळ एकमेकांत अडकलेल्याच फिरत असतात. चाकाच्या कुशीवर जाड, बोथट दात असतात, त्यांना डॉग म्हणतात. एक फोर्क एका चाकाला आसावरून बाजूला सरकवतो, त्याचे डॉग शेजारच्या चाकाच्या खाचांत शिरतात, आणि तो गिअर लागतो. ज्या जागी कुणाचेच डॉग कुणात शिरलेले नसतात ती जागा म्हणजे न्यूट्रल. या सगळ्या जागा ठरवून द्यायला एक स्प्रिंगवरची गोळी किंवा खिळी असते. ती प्रत्येक गिअरच्या खाचेत ‘टक्’ करून बसते. पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधली न्यूट्रलची खाच मात्र मुद्दाम उथळ ठेवतात. ती खोल ठेवली तर पहिल्यातून दुसऱ्यात जाताना प्रत्येक वेळी गाडी मधेच अडकेल. म्हणजे पहिला ते दुसरा हा एक पूर्ण हात, आणि न्यूट्रल त्याच्या बरोबर अर्ध्यावर.

न्यूट्रलला ही अर्धी जागा कुणी दिली, हे शोधायला गेलं की गोष्ट शर्यतीच्या मैदानात पोचते. सुरुवातीच्या मोटरसायकलींचा गिअर हाताने टाकायचा असे. टाकीच्या बाजूला दांडा, त्याला खाचा पाडलेली पट्टी, आणि कुठल्या खाचेत दांडा आहे ते डोळ्याला दिसे. न्यूट्रलची स्वतःची जागा असे. १९२०च्या दशकाच्या अखेरीस व्हेलोसेट या इंग्रज कंपनीच्या हॅरल्ड विलिसने शर्यतीच्या गाड्यांसाठी पायाने टाकायचा नवा गिअर बनवला. एकदा पेडल दाबलं की एकच गिअर बदलतो आणि पेडल परत मूळ जागी येतं. हँडलवरून हात न काढता, रस्त्यावरून नजर न हलवता गिअर बदलता येऊ लागला. शर्यतीसाठी याहून उत्तम काही नाही. हळूहळू सगळ्या जगाने ते उचललं.

पण शर्यतीत न्यूट्रल हवंय कुणाला? झेंडा पडला की शेवटपर्यंत कुणी थांबत नाही. गिअर कितवा आहे हे आता पेडलकडे बघून कळत नव्हतं, आणि न्यूट्रल हे दोन गिअरच्या मधे पायाने चाचपडून शोधायचं ठिकाण झालं. ज्यांचे दोन्ही पाय शाबूत आहेत आणि ज्यांना घाई आहे अशांनी बनवलेल्या यंत्रात थांबणाऱ्याला अर्धी खाच मिळाली. मला त्यात कुणाचा दुष्टपणा दिसत नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर आम्ही नव्हतो, इतकंच.

कामाच्या तीनचाक्यांनी मात्र हाताचा गिअर बराच काळ सोडला नाही. हार्ले-डेव्हिडसनची सर्व्ही-कार १९३२ साली आली आणि १९७३ पर्यंत बनत राहिली. अमेरिकेतले पोलीस तिच्यावरून रस्त्याच्या कडेला लावलेल्या मोटारींना दंडाच्या पावत्या चिकटवत फिरायचे. दर पन्नास पावलांवर थांबणाऱ्या त्या गाडीला टाकीशेजारी हाताचा दांडा होता. दिल्लीच्या फटफट्या अशाच. महायुद्धानंतर लष्कराने काढून टाकलेल्या हार्ले मोटरसायकलींच्या मागे दोन चाकं आणि बाकडी जोडून कॅनॉट प्लेस ते चांदणी चौक माणसं वाहिली जायची. १९९८च्या सुमारास प्रदूषणापायी त्या बंद झाल्या. आपल्या रिक्षाचा आणि जुन्या चेतक स्कूटरचा गिअरही डाव्या मुठीत. चेतकच्या मुठीवर एक आणि दोन या आकड्यांच्या मधे न्यूट्रलची खूण असे. अंधारातही मूठ कुठे आहे ते मनगटाला कळायचं. घाट उतरताना रिक्षावाले पेट्रोल वाचवायला मूठ फिरवून न्यूट्रल करतात, ते मला कधीच पटलेलं नाही. इंजिनाचा लगाम सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. पण त्यांचं न्यूट्रल किती सहज पडतं याचा हेवा मी घाटभर केलेला आहे.

आजच्या महागड्या तीनचाक्यांनाही न्यूट्रल चुकलेलं नाही. हार्लेची ट्राय ग्लाइड २००९ पासून मिळू लागली. पाचशे किलोच्या वरची गाडी, पायाने मागे ढकलणं अशक्य, म्हणून तिला विजेच्या मोटरवर चालणारा रिव्हर्स दिला. तो कधी लागतो? इंजिन चालू आणि गिअर न्यूट्रलमध्ये असेल तेव्हाच. म्हणजे तिथला पैसेवाला म्हाताराही पार्किंगमधून बाहेर पडायच्या आधी तेच शोधत असतो जे मी ताराराणी चौकात शोधतो.

आमच्या गाडीवर तीन मिस्त्र्यांची तीन मतं पडली. एकाने क्लचला दोष दिला, दुसऱ्याने गिअरबॉक्सला, तिसऱ्याने मला. ‘सवय करा, पडंल हळूहळू.’ तिसरं मत मी बाद केलं. सवयीने पडणारं न्यूट्रल चढावर उपयोगाचं नसतं. दोन चाकांच्या गाडीवर न्यूट्रल अडलं तर माणूस पायाने गाडी जराशी पुढेमागे झुलवतो. मागचं चाक हललं की आतल्या चाकांवरचा दाब क्षणभर सुटतो, डॉग मोकळे होतात. तीनचाकी गाडी पडत नाही हे खरं, पण ती झुलतही नाही. माझे पाय तर जमिनीला टेकलेलेच नसतात. आणि गिअरच्या दांड्याकडे हात न्यायचा तर तो ब्रेकवरून काढावा लागतो. पन्हाळ्याच्या चढावर तेवढ्या वेळात गाडी मागे सरकते. म्हणून ब्रेकच्या लिव्हरला अटकाव लावून घेतला, पण अटकाव लावायलाही तोच उजवा हात. शेवटी सगळा प्रश्न एवढाच उरतो की उजवा हात किती वेळ ब्रेकपासून लांब राहणार.

याहून वाईट म्हणजे गाडी गिअरमध्ये बंद पडणं. जुन्या बुलेटची किक गिअरबॉक्समधून आणि क्लचमधून इंजिनापर्यंत पोचते. क्लच दाबून ती सुरू होत नाही, न्यूट्रलच लागतं. भर चौकात, मागे बस हॉर्न देत असताना, बंद गाडीचं न्यूट्रल शोधणं हा अनुभव मी शत्रूलाही सुचवणार नाही. अशा वेळी चार भली माणसं धावत येतात आणि गाडी ढकलू लागतात. गाडी गिअरमध्ये आहे, ढकलू नका, हे त्यांना ओरडून सांगावं लागतं. मदतीला आलेल्या माणसावर ओरडणाऱ्या अपंगाबद्दल लोकांचं काय मत होतं तेही मग दिवसभर डोक्यात राहतं.

खरं दुखणं शोधून काढलं ते ना क्लचच्या मिस्त्रीने ना गिअरबॉक्सच्या. लेथवर बसणाऱ्या एका वयस्कर टर्नरने. त्याने गाडीच्या उजव्या अंगाला बसकण मारली, गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टच्या टोकावर बोट ठेवलं आणि मला म्हणाला, ‘दांडा हलवा. सावकाश.’ मी हलवला. ‘हलवा की.’ ‘हलवतोय.’ ‘इकडं कायबी न्हाई.’ माझी मूठ जवळजवळ दोन बोटं सरकली तेव्हा कुठे त्याच्या बोटाखालचा शाफ्ट हलला.

मांडीशेजारच्या दांड्यापासून गिअरच्या शाफ्टपर्यंत एक सळई जाते. तिच्या दोन्ही टोकांना पिना, मधे एक वळणाचा सांधा. प्रत्येक पिनेच्या भोकात केसभर ढिलाई. मोठ्या हालचालीत ती जाणवत नाही. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना हात भरपूर फिरतो, थोडा वाया गेला तरी गिअर पडतो. पण न्यूट्रल अर्ध्या हातावर. त्या अर्ध्यातला बराच भाग सांध्यांनीच खाऊन टाकला होता. राहिलेला जोर एकदम शाफ्टवर यायचा आणि खिळी उथळ खाचेवरून घसरत पुढे जायची. गिअरबॉक्सला काही झालेलं नव्हतं. माझा हात आणि खाच यांच्यामध्ये जे होतं ते सैल होतं.

त्याने पिना नव्या वळल्या, भोकांत पितळी बुश बसवले, मधला सांधा काढूनच टाकला आणि सळई सरळ नेली. टोकांना बॉल जॉइंट लावले. सळई आणि शाफ्टवरचा छोटा लिव्हर यांच्यात न्यूट्रलच्या जागी काटकोन येईल असं बसवलं. या काटकोनाचं महत्त्व मला त्याने खडूने फरशीवर काढून दाखवलं. काटकोनात असताना सळईची ओढ सगळीच्या सगळी लिव्हर फिरवण्यात जाते, आणि दोन्ही बाजूंना हात सारखाच फिरतो. तिरक्या सळईत एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी. मग हाताला अर्ध कुठे आहे ते कधीच समजत नाही. दांड्याची मूठही चार बोटं वर नेली. हात जरा जास्त फिरवावा लागतो, पण तीच लांबी अर्धा आणि पूर्ण यांतला फरक सांगते.

मग गिअरबॉक्सचं बाहेरचं झाकण उघडलं. जुन्या चार गिअरच्या बुलेटची पेटी बर्मिंगहॅमच्या आल्बियन कंपनीच्या नमुन्याची. १९५५ साली मद्रासला बुलेटचा कारखाना निघाला, पुढे बुलेटची इंग्लंडातली मूळ कंपनी बंद पडली, आणि मद्रासला मात्र तीच पेटी दशकानुदशकं बनत राहिली. तिच्या झाकणाआड दोन बोल्टांवर बसवलेली एक छोटी पट्टी असते. पेडल वर गेलं तर किती जायचं आणि खाली गेलं तर किती, याची सीमा ती पट्टी ठरवते. ती एका बाजूला सरकली की एकीकडचे गिअर पुरते बसत नाहीत आणि दुसरीकडचे हवे त्यापुढे जातात. बोल्ट ढिले करायचे, पट्टी किंचित सरकवायची, आवळायचे, दांडा हलवून बघायचा. हे काम चहाच्या दोन फेऱ्यांत होतं, आणि ते न करता लोक गिअरबॉक्स खोलून बसतात.

क्लचचा वाटा शेवटी निघाला, पण निघाला. क्लच दाबल्यावर त्याच्या प्लेटा एकमेकींपासून पूर्ण सुटायला हव्यात. रात्रभर उभ्या गाडीत त्या तेलाने चिकटतात, ओल्या काचेवर ठेवलेली काच सुटत नाही तशा. न सुटलेला क्लच इंजिनाचा फेरा गिअरबॉक्सपर्यंत नेत राहतो. गाडी उभी, चाकं उभी, आणि आतला आस फिरायला बघतोय. त्या ताणात डॉग एकमेकांवर दाबून बसतात, आणि फोर्कने कितीही ओढलं तरी निसटत नाहीत. म्हणून सकाळी इंजिन सुरू करायच्या आधी क्लच दाबून दोनचार किका मारायच्या, प्लेटा सुटतात. केबलला लिव्हरपाशी दोन-तीन मिलिमीटर सैलपणा ठेवायचा, त्याहून जास्त नाही. स्प्रिंगा सारख्या आवळलेल्या हव्यात, नाहीतर प्रेशर प्लेट तिरकी उघडते आणि एका बाजूने क्लच धरूनच ठेवते. जुन्या बुलेटच्या गिअरबॉक्समध्ये तेल गळतं म्हणून ग्रीस भरायची रीत आहे. थंडीत ते घट्ट होतं आणि पहिले दोन किलोमीटर गिअर रुसल्यासारखे पडतात. त्यावर इलाज नाही, गाडी तापू द्यायची.

आणि न्यूट्रल थांबायच्या आधी करायचं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पण आता मी सांगतो. चाकं हळू फिरत असताना आतला दाब सतत सुटत-बसत असतो, डॉग त्या वेळी सहज निघतात. गाडी पूर्ण थांबली की जे जिथे आहे ते तिथेच रुतून बसतं.

एवढं सगळं झाल्यावर न्यूट्रल दहातल्या आठ वेळा पडू लागलं. उरलेल्या दोन वेळांचा बंदोबस्त बुलेटमध्येच होता, आणि तो वडिलांच्या पायाखाली वर्षानुवर्षं असूनही मी कधी पाहिला नव्हता.

जुन्या बुलेटच्या उजव्या बाजूला, गिअरच्या पेडलमागे, एक आखूड लिव्हर असतो. नवख्या माणसाला तो किकचा तुटलेला तुकडा वाटतो. त्याचं नाव न्यूट्रल फाइंडर. गाडी दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये असू दे, क्लच दाबायचा आणि टाचेने तो लिव्हर खाली दाबायचा. सगळे गिअर मागे सारत तो थेट न्यूट्रलवर आणून सोडतो. पहिल्यात जात नाही. पहिल्यातून मात्र चालत नाही, म्हणून थांबायच्या आधी गाडी दुसऱ्यात असायला हवी. अर्धी खाच चाचपायची गरजच नाही. एक दाब, एक ‘खट्’, आणि गाडी मोकळी.

ज्या कुणी हा लिव्हर बसवायचं ठरवलं त्याचं नाव मला माहीत असतं तर मी त्याच्या फोटोला हार घातला असता. शर्यतवाल्यांनी थांबणाऱ्याकडून जे काढून घेतलं होतं ते या माणसाने परत केलं. टाचेने दाबायचा लिव्हर सळईने वर आणून मुठीला जोडणं हे उद्यमनगराला अर्ध्या दिवसाचं काम. गिअरचा दांडा आहे त्याच्याच शेजारी आता एक बारका दांडा आहे, लाल मुठीचा. दाभोळकर कॉर्नरचा दिवा लांबून लाल दिसला की मी दुसऱ्यावर येतो, क्लच दाबतो, लाल मूठ खाली ढकलतो आणि हात ब्रेकवर परत आणतो. गाडी न्यूट्रलमध्ये सरकत सरकत पांढऱ्या पट्ट्याशी उभी राहते. डावा हात मांडीवर. माझ्या शेजारी नव्या बुलेटवरचा पोरगा बुटाच्या टोकाने वरखाली, वरखाली करत न्यूट्रलचा हिरवा दिवा शोधत असतो. मी बघतो, पण बोलत नाही. एखाद्या वेळी हसू लपत नाही.

नव्या गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात आले, गिअर उजवीकडून डावीकडे गेला आणि फाइंडर गेला. त्या गाड्या अधिक चांगल्या आहेत, गळत नाहीत, बटणाने सुरू होतात. उजव्या गिअरच्या आठवणीत रडणाऱ्यांपैकी मी नाही. पण ज्याचा डावा पाय अधू आहे आणि उजवा चांगला, त्याला जुन्या गाडीवर निदान गिअर तरी स्वतःच्या पायाने टाकता यायचा, हे ती बाजू बदलताना कुणाच्या मनात आलं नसणार. २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, माझ्यासारखे हळूहळू कमी होतील आणि व्हावेतही. अपघातात पाय गमावणारे मात्र रोज नवे तयार होत आहेत, आणि त्यांतले बरेचजण मोटरसायकलवरूनच पडलेले असतात. त्यांना पुन्हा गिअरची गाडी चालवावीशी वाटते. दवाखान्यात त्यांना कुणी सांगत नाही की ते शक्य आहे.

म्हणून जुन्या बुलेट नव्याने घडवून घेणाऱ्यांना एक विनंती आहे. हल्ली गाडी ‘साफ’ दिसावी म्हणून हौशी लोक तो आखूड लिव्हर काढून टाकतात, काही तर कापून वर पॉलिश मारतात. कापू नका. चारशे किलोमीटरच्या सहलीला निघालेल्या तुमच्या पायाला त्याची गरज नसेल, पण गाडी पुढे कुणाच्या हातात जाईल ते सांगता येत नाही. काढायचाच असला तर आतल्या भागांसकट अख्खा काढा आणि भंगारात न टाकता तुमच्या मिस्त्रीच्या फळीवर ठेवून जा. कुणी विचारायला आला तर त्याच्याकडून पैसे घेऊ नका.